हळद्याच्या मागचा पांढरा ठिपका

आमच्या मागच्या अंगणातल्या तुतीला फळ धरलं की ते आधी मुंग्यांना कळतं, मग बुलबुलांना, आणि सगळ्यांत शेवटी दंतवैद्यांना. पण एकदा दंतवैद्यांना कळलं की मुंग्या-बुलबुलांचं काही चालत नाही.

दंतवैद्य म्हणजे आमच्या भागातल्या पक्षीमंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे तोफेएवढ्या लांबीचं भिंग असलेला कॅमेरा आहे आणि त्या भिंगाला पानांच्या चित्रांचा अभ्रा आहे. अंगात पानांच्या चित्रांचा सदरा, डोक्यावर पानांच्या चित्रांची टोपी. त्यांच्याबरोबर चष्म्याच्या दुकानाचे मालक येतात, तेही पानापानांचे. तिसरे आमचे हे. ह्यांना मंडळात घेऊन फार दिवस झाले नव्हते, त्यामुळे ह्यांच्या फक्त टोपीवर पानं होती. आमच्या अंगणात झाड एकच, आणि त्याच्याखाली पहाटेपासून ही तीन झुडपं. पक्ष्यांना काय वाटत असेल ते देव जाणे, दूधवाला मात्र रोज दचकायचा.

हे पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसतात. दिवसभर माणसं त्या खिडकीशी येऊन चोची मारतात आणि हे त्यांना उद्या या म्हणतात. अशा माणसाला पक्षी आवडावेत यात नवल नाही. पक्षी अर्ज घेऊन येत नाहीत.

कॅमेरा घरात कसा आला तेही सांगते. मी सकाळी उठल्यापासून ऊन स्वयंपाकाच्या ओट्यावर येईपर्यंत बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. ह्यांना माझा हा नेम मनापासून आवडतो. घरात काही ठरवायचं असलं की हे नेमकी तीच वेळ साधतात. "तुझी काही हरकत नाही ना?" असं विचारतात, क्षणभर थांबतात आणि म्हणतात, "नाही ना? मग झालं तर." माझं शिवणयंत्र वन्संच्या घरी असंच गेलं. कॅमेरा असाच आला. आणि तुतीच्या दिवसांत दंतवैद्यांची तोफ आमच्या अंगणात अशीच माझ्या संमतीने रोवली गेली.

आता मामंजींचं सांगायला हवं, कारण खरा प्रश्न त्यांचा होता.

मामंजी गोदामातले मुकादम होते. जन्मभर आरडाओरडा करून माल चढवला नि उतरवला. तुती पिकायच्या जरा आधी त्यांना झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. राग तेवढा शाबूत राहिला, आणि तो सगळा त्यांनी जेवणावर काढला. घास पुढे नेला की ओठ घट्ट. गोडीगुलाबी झाली, दटावून झालं, वन्संनी फोनवरून रडून झालं. ओठ काही उघडेनात. दिवसातून एकदाच जेवायचं हाही माझा एक नेम आहे. म्हणजे घरात उपाशी माणसं दोन झाली, एक हौसेने आणि एक रागाने.

मग एकदा चादर बदलायला म्हणून मी त्यांची खाट मागच्या खिडकीशी ओढली. सकाळची वेळ. बाहेर तुतीवर साळुंक्यांची पंगत बसली होती. एक फळ, एक भांडण, पुन्हा एक फळ. मामंजी टक लावून बघत होते. एका साळुंकीने मान मागे टाकून तुती गिळली आणि मामंजींचे ओठ आपोआप विलग झाले. मी पटकन चमचा आत सरकवला. दुधात कालवलेला पाव होता. मामंजींनी तो गिळला आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

तेव्हापासून खाट तिथेच राहिली. पक्षी जेवायला बसले की मामंजी जेवायचे. पक्षी उठले की तेही आटोपते घ्यायचे. मला भरवताना बोलावं लागत नव्हतं, त्यांना जेवताना ऐकावं लागत नव्हतं. आमचं दोघांचं आयुष्यात पहिल्यांदाच इतकं चांगलं जमलं होतं. अंगावर जरा मांस दिसायला लागलं. आठवड्याने येणाऱ्या नर्सबाई म्हणाल्या, "ताई, हेच दिवस महत्त्वाचे. आत्ता पोटात गेलं तर माणूस उठून बसेल." तुती संपल्यावर काय करायचं हे मी देवावर सोडलं होतं. तुती असतानाच काय होणार आहे, हे मात्र त्यालाही माहीत नसावं.

त्या वर्षी मंडळाची छायाचित्रांची स्पर्धा होती. विषय होता 'आहार'. दंतवैद्यांना हळद्या हवा होता. हळद्या म्हणजे पिवळाधमक, काळ्या पंखांचा पक्षी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखा. तुतीवर तो सगळ्यांत उशिरा यायचा, सगळ्यांत कमी बसायचा आणि पानांच्या आडच बसायचा. म्हणजे स्वभावाने शहाणा. त्याला पानांबाहेर काढायचं म्हणून मंडळाने आधी पानं काढली. नंतर शेवाळ धरलेली एक वाळकी फांदी कुठूनशी आणून समोर बांधली. तिला ते 'स्टेज' म्हणत. या स्टेजवर झाडातल्या निवडक, टपोऱ्या तुती बांधायच्या. कशाने, तर दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याने. तो दोरा बारीक असतो आणि फोटोत दिसत नाही, असं दंतवैद्य अभिमानाने सांगायचे. झाडावर हजारो तुती लगडलेल्या, आणि तीन मोठी माणसं पहाटे उठून त्याच झाडाला तुती बांधत बसलेली. मी खिडकीतून बघायची. मौन असल्याचा काय तो फायदा.

"चष्मेवाले आले, चष्मेवाले आले!" एकदा हे अंगणातून कुजबुजत ओरडले. मी आपलं चहाचं आधण वाढवलं. चष्म्याच्या दुकानाचे मालक तर आधीच आलेले होते. मग कळलं की डोळ्यांभोवती पांढरं कडं असलेल्या चिमुकल्या पक्ष्यांचा थवा आला होता. चहा उरला तो दंतवैद्यांनी घेतला, साखरेसकट.

आणि एके दिवशी हळद्या खरोखरच स्टेजवर आला. चोचीत तुती धरली. तिन्ही तोफा कडाडल्या.

संध्याकाळी ते फोटो बघायला तिघे आमच्या बैठकीत संगणकापुढे दाटीवाटीने बसले. मी चहा घेऊन गेले तर तिघांचे चेहरे पडलेले.

"हे काय आहे?" दंतवैद्यांनी पडद्यावर पेन टेकवलं.

"कुठे?" हे म्हणाले.

"शेपटीच्या जरा वर. पांढरा ठिपका."

"मला तर दिसत नाही," चष्म्याच्या दुकानाचे मालक म्हणाले.

"तुम्ही आधी चष्मा पुसा. अहो, कीड अशीच सुरू होते, एका ठिपक्याने. लोक म्हणतात दिसत नाही, आणि मग दात काढावा लागतो." दंतवैद्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. "पाणीवाले, तुमचं अंगण आहे. सांगा, काय आहे हे?"

ह्यांनी घसा खाकरला. "मला वाटतं... बाबांचा चमचा असावा."

दंतवैद्यांनी पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मागे ती खिडकी आहे ना, तिथे ही बाबांना भरवते त्या वेळी. स्टीलचा चमचा, त्यावर ऊन पडतं."

दंतवैद्यांनी माझ्याकडे वळून दोन्ही हात जोडले. "वहिनी, एक लाकडी चमचा वापरता येईल का? पक्ष्यांसाठी."

मी लाकडी चमचा आणला. काय बिघडलं होतं? तर ठिपका गेला, पण त्याच्या जागी दंतवैद्यांना हलणारी सावली दिसायला लागली. ती माझ्या हाताची होती. मी हात खाली धरून भरवायला लागले. मग मामंजींचे पांढरे केस खुपायला लागले. "आजोबांना टोपी घालता येईल, आपल्याकडे एक जादा आहे, पानांची," असं चष्म्याच्या दुकानाचे मालक गमतीने म्हणाले. दंतवैद्यांनी ते गमतीत घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी टोपी आली. मामंजींनी ती डाव्या हाताने काढून भिंतीवर फेकली. त्यांचा तो हात अजून चांगला चालतो.

मग एका सकाळी, ऊन ओट्यापासून अजून लांब असताना, हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काखेत हिरव्या कापडाची गुंडाळी.

"खिडकीवर बाहेरून लावतोय. स्पर्धेपुरतं. मागे सलग हिरवं दिसलं की पिवळा रंग उठून दिसतो, डॉक्टर म्हणाले. तुझी काही हरकत नाही ना?"

मी नको म्हणून जोरजोरात मान हलवली.

"नाही ना? मग झालं तर," म्हणून हे गेलेच. मी दगडासारखी बसले असते तरी कापड लागलंच असतं. मान हलवून मी त्यांच्या मनाला उगाच समाधान दिलं.

कापड लागलं. खोलीत तळ्याच्या बुडाशी असतो तसा हिरवा अंधार. बाहेर साळुंक्यांची भांडणं ऐकू येत होती, पंख फडफडत होते, फळं टपटप पडत होती. मामंजी त्या कापडाकडे बघत राहिले. मी चमचा पुढे केला. ओठ घट्ट. मी वाट पाहिली. बाहेर कोणीतरी तुती खात होतं, पण ते दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्याच्या पंगतीला बसायला मामंजी तयार नव्हते.

त्या दिवशी दोन घोट पाण्यावर भागलं. दुसऱ्या दिवशीही तेच. मी ह्यांना सांगितलं, संध्याकाळी, चांगलं बोलून सांगितलं. हे अगदी हळहळले. हळहळण्यात ह्यांचा हात धरणारं कोणी नाही, नोकरीच तशी आहे. "थांब, बघतो काहीतरी," म्हणाले.

आणि खरंच बघितलं. कार्यालयातून येताना हे एक लांबलचक गुंडाळी घेऊन आले. उलगडली तर हळद्याचा फोटो, खिडकीएवढा. हिरव्या कापडावर आतून तो टाचण्यांनी लावला, चारी कोपरे ताणून, सुरकुती राहू न देता.

"बघा बाबा," हे खाटेशी वाकून म्हणाले. "आता अगदी जवळून दिसेल. पीस न् पीस दिसतंय. खरा पक्षी तर पानांतच असतो, आणि दोन मिनिटांत उडून जातो. हा कुठे जाणार नाही."

मामंजींनी फोटोकडे पाहिलं. हळद्याच्या चोचीत तुती होती. मामंजींचे ओठ उघडले. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू नळाला पाणीच आणलं. मी घास भरवला. मामंजी घास तोंडात घेऊन हळद्याकडे बघत राहिले. तो आता गिळेल, मग गिळेल. पण त्याने चोचीतली तुती काही गिळली नाही. मामंजींनीही घास गिळला नाही.

"जेवले ना?" हे म्हणाले आणि अंगणात गेले. तिथे तुती बांधायच्या राहिल्या होत्या.

पुढे हेच चाललं. घास आत जायचा, गालात जाऊन बसायचा, आणि मामंजी त्या कागदी पक्ष्याकडे अशा नजरेने बघायचे की जणू तो कामावरचा आळशी हमाल आहे. मी गाल चोळायची, पाणी द्यायची. थोडं आत जायचं, पुष्कळसं उशीवर यायचं. ह्यांना वाटायचं, तोंड उघडतायत म्हणजे जेवतायत. हे तोंडापर्यंतचा हिशेब बघत होते. त्यापुढचं माझ्याकडे होतं.

नर्सबाई आल्या. त्यांनी मामंजींचा दंड चाचपला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मग तोंड उघडायला लावून बोटाने गालातलं काढलं. रुमालावर धरून मला दाखवलं. "ताई, हे सकाळचं नाही. कालचं आहे." मग खिडकीकडे पाहिलं. "आणि हे काय?"

"हळद्या," मी म्हटलं.

"छान आलाय फोटो," नर्सबाई कोरडेपणाने म्हणाल्या. "हे गालातलं श्वासाबरोबर खाली गेलं तर छाती भरेल. पुढच्या खेपेलाही असंच दिसलं तर नाकातून नळी घालावी लागेल. आणि या वयात एकदा नळी घातली की तोंड खायचं विसरतं. मग ती निघत नाही."

संध्याकाळी मी ह्यांना तसंच्या तसं सांगितलं.

"नळी काय, तात्पुरती असते ग," हे म्हणाले. संगणकावर हळद्याच्या डोळ्यातली चमक वाढवत होते.

"कापडही तात्पुरतंच आहे ना? मग आधी ते काढू या."

"स्पर्धा होऊ दे. आता अगदी थोड्यावर आलंय. डॉक्टरांना शब्द दिलाय मी."

"डॉक्टर दातांचे आहेत."

"म्हणून काय झालं? किती मोठा माणूस आहे! मला नावाने ओळखतात." ते खोटं होतं. दंतवैद्य ह्यांना पाणीवाले म्हणतात.

मग मी दंतवैद्यांनाच गाठलं. ते तोफेचा अभ्रा काढून झटकत होते.

"डॉक्टर, खिडकी उघडी करू द्या. मामंजी जेवत नाहीत."

"वहिनी, मला कळतं हो," ते म्हणाले. आवाज मऊ होता, दाढ उपटायच्या आधी असतो तसा. "पण आमच्या मंडळाचा पहिला नियमच आहे, खाणाऱ्या जिवाच्या डोळ्यांपुढे हालचाल नको, आडकाठी नको. त्याचं खाणं तुटता कामा नये. पक्षी किती नाजूक असतात, तुम्हाला कल्पना नाही."

"मामंजी पक्षी नाहीत."

"तेच तर," दंतवैद्य म्हणाले. मला अखेर मुद्दा कळला म्हणून त्यांना फार बरं वाटलं.

मी त्यांना नमस्कार केला आणि घरात आले. रात्री देवापुढे बसले तेव्हा काही मागितलं नाही. मागून मिळण्यासारखं ते नव्हतंच. उठून करण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामंजींचं तोंड धुतलं, गाल साफ केला, धुतलेला सदरा घातला. नर्सबाईंनी ठेवलेली चाकांची खुर्ची कोपऱ्यात पडून होती. तिच्यात त्यांना बसवलं, उशीचा टेकू दिला. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर पाट उतरता ठेवला, आणि त्यांच्या मांडीवर वाटी-चमचा देऊन खुर्ची अंगणात ढकलली. चमचा स्टीलचाच घेतला. अंगणात फरशी आहे ती दारापासून तुतीच्या बुंध्यापर्यंतच. बाकीच्या मातीत चाकं रुतली असती. म्हणून खुर्ची जाऊन थांबली ती थेट स्टेजखाली.

भर्रकन सगळे पक्षी उडाले.

तिन्ही झुडपं उभी राहिली.

"अहो!" दंतवैद्य कुजबुजले. पक्षी परत यायला हवेत म्हणून त्यांना ओरडता येत नव्हतं. "अहो वहिनी! हे काय चालवलंय?"

मी आकाशाकडे बोट दाखवलं. ऊन ओट्यावर अजून यायचं होतं.

"तिचं मौन आहे," हे कुजबुजले.

"मग तुम्ही बोला!"

"काय बोलू? ती उत्तर देणार नाही."

"म्हणून तर बोला!"

मला आधी कधी सुचलं नव्हतं, पण मौन दुधारी असतं. इतकी वर्षं ह्यांनी त्याची एकच धार वापरली होती. तिघे मला कुजबुजत समजावत होते, रागावत होते, हात जोडत होते, आणि मी मामंजींच्या गळ्याशी रुमाल खोचत होते. भांडायला दोघं लागतात. त्यांना दुसरं कोणी मिळेना.

तेवढ्यात साळुंक्या परत आल्या. मामंजी त्यांना नवे नव्हते, रोज खिडकीत दिसलेले होते. आधी एक आली, मग सगळं खटलं. डोक्यावर तुतीचा वर्षाव सुरू झाला. एक पिकलेली तुती मामंजींच्या केसांत फुटली. त्यांनी मान जेवढी वर जाते तेवढी वर केली. वर एकीने गिळलं. ओठ उघडले. मी घास दिला. मामंजींनी गिळला. घशाची घाटी खालून वर जाताना मी डोळ्यांनी पाहिली.

दुसरा घास गेला, तिसरा गेला. मग मामंजींना एवढ्यावर भागेना. त्यांनी डावा हात वर केला, स्टेजवरची सगळ्यांत टपोरी तुती पकडली, ओढली आणि तोंडात टाकली.

"ती स्टेजची आहे!" चष्म्याच्या दुकानाचे मालक कळवळले.

तुती तोंडात गेली खरी, पण तिच्या मागे पांढरा दोरा ओठांतून बाहेर लोंबत राहिला. मामंजी चघळत होते आणि दोरा आत आत चालला होता. मी वाटी ठेवायच्या आत दंतवैद्य धावले. एका हाताने हनुवटी धरली, दुसऱ्या हाताचं बोट सफाईने आत घातलं आणि दोरा अलगद बाहेर काढला. मामंजींनी बोट चावलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. पण बोट आत गेलेलंच होतं, आणि कितीही झालं तरी ते दंतवैद्याचं. ते आत फिरलं, थबकलं.

"उजवीकडे काही कळत नाही यांना," दंतवैद्य म्हणाले, कुजबुजायचं विसरून. "सगळं उजव्या गालात अडकतंय. हिरडी सुजलीय. कधीपासून?"

माझं मौन होतं, आणि ह्यांना माहीत नव्हतं.

दंतवैद्य मागे सरकले. हात पुसले. मग सवयीने तोफेशी गेले, डोळा लावला, आणि तिथेच वाकलेले राहिले. बराच वेळ. मग हळूच म्हणाले, "पाणीवाले... इकडे या. हे बघा. पांढरे केस, केसांत तुतीचा जांभळा डाग, मागे हिरवं, आणि वर साळुंक्या. 'आहार'. अहो, 'आहार' हाच आहे की! हळद्या वर येऊन बसला तर बघायलाच नको." चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनाही तत्काळ दिसलं. तिन्ही तोफा मामंजींकडे वळल्या.

"आजोबा, जरा डावीकडे. हां. आता हलू नका."

अंगाची एक बाजू गेलेल्या माणसाला हलू नका म्हणून सांगणारे पहिले गृहस्थ तेच. बाकी सगळे डॉक्टर उलटं सांगतात.

मामंजींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ओठ मिटले. घट्ट. चमचा पुढे नेला तरी उघडेनात.

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. ऊन ओट्यावर आलं होतं.

"टोपणं लावा," मी म्हटलं.

"काय?"

"कॅमेऱ्यांना टोपणं लावा. जेवण होईपर्यंत. जेवण झालं की काढा फोटो, त्यांना वाटलं तर हलतील, वाटलं तर नाही. रोज असंच. आणि ते कापड आज निघेल, त्या कागदासकट."

"वहिनी, जेवण होईपर्यंत ऊन चढेल. सावल्या कडक होतात. आणि हळद्या तेवढ्यात येऊन गेला म्हणजे?"

"मग तो जेवून गेला म्हणायचं."

"तू जरा समजून घे ग," हे म्हणाले. "डॉक्टरांपुढे असं..."

"खाणाऱ्या जिवाच्या डोळ्यांपुढे हालचाल नको, आडकाठी नको," मी म्हटलं. "मी नाही म्हणत. मंडळ म्हणतं."

दंतवैद्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग तोफेकडे, मग मामंजींच्या केसांतल्या डागाकडे. अंगण आमचं होतं आणि फोटो त्यांना हवा होता. टोपण लागलं. मग दुसरं लागलं. ह्यांनी स्वतःचं लावलं ते कोणाच्या तरी तोंडावर हात ठेवावा तसं.

तिघे बसले. हातात काही नसलं की माणसं किती अवघडतात! चष्म्याच्या दुकानाचे मालक गुडघे चोळायला लागले. दंतवैद्यांनी घड्याळ पाहिलं. साळुंक्या वर खात होत्या. त्यांच्याकडे नुसतं बघायचं, पुढे त्याचं काही करायचं नाही, हा प्रकार तिघांनाही नवा होता.

मी वाटी ह्यांच्या हातात दिली. "तुम्ही भरवा. रिकामेच आहात."

हे खुर्चीपाशी खाली बसले. चमचा भरला. तो मामंजींच्या तोंडापुढे आणून थांबले, डावीकडे नेला, उजवीकडे नेला, परत मधे आणला.

"कोणत्या बाजूने घालायचा?" हे मला विचारत होते.

"डावीकडून," दंतवैद्य म्हणाले. "आत्ताच नाही का सांगितलं? हळद्या कोणत्या फांदीवर कोणत्या वेळी बसतो ते तुम्ही सांगता, आणि..." पुढचं त्यांनी गिळलं. अध्यक्ष झाले तरी त्यांनाही घरी वडील असावेत.

ह्यांनी डावीकडून घास दिला. मामंजींनी वर बघत तो घेतला. नंतर आणखी एक. तिसरा घास चमच्यात होता तेव्हा साळुंक्यांचा गलका एकदम थांबला, आणि शेंड्याकडच्या पानांत पिवळं काहीतरी हललं.

हळद्या होता. स्टेजकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. उघड्या फांदीवर, सगळ्यांसमोर उतरला, मान तिरकी केली, एक तुती तोडली.

दंतवैद्यांचा हात टोपणाकडे गेला. मी त्यांच्याकडे पाहिलं. हात मांडीवर परत आला. पण तोंड उघडं राहिलं. चष्म्याच्या दुकानाच्या मालकांचं उघडं राहिलं. ह्यांचंही. चमचा हवेत थांबलेला, हे वर बघताहेत, आणि चमच्याच्या पलीकडे मामंजी आ वासून बसलेले. चार तोंडं उघडी, त्यांतल्या एकालाच भूक.

"अहो," मी म्हटलं. "घास."

"हं," हे म्हणाले, आणि वर बघतच चमचा पुढे नेला. तो मामंजींच्या हनुवटीला लागला.

मामंजींनी डावा हात उचलला, ह्यांचं मनगट धरलं आणि चमचा स्वतःच ओढून तोंडात घातला. गिळला. मनगट सोडलं नाही. ह्यांनी हात सोडवून पाहिला, पण त्या हाताने जन्मभर पोती उचलली होती. हे निमूटपणे दुसऱ्या हाताने वाटी जवळ घेऊन चमचा भरायला लागले.

वर हळद्या निवांत खात होता. इतका वेळ तो कधी बसला नव्हता. ह्यांना मात्र मान वर करायची सोय राहिली नव्हती. वाटी अजून अर्धी भरलेली होती.